खाशाबा जाधव: हेलसिंकीनंतरची बत्तीस वर्षं

कृष्णाकाठचा (धागाकर्ता)

दर १५ जानेवारीला, पैलवान खाशाबांच्या जयंतीला, फोनवर तोच कृष्णधवल फोटो येतो. खाली ठरलेला मजकूर: ऑलिंपिकमधलं देशाचं पहिलं वैयक्तिक पदक, प्राचार्यांनी घर गहाण टाकलं, बैलगाड्यांची मिरवणूक, पुढे उपेक्षा, आणि शेवटी ‘शेअर करा’. मीही दरवर्षी करतो. यंदा केला तेव्हा आठवीतली मुलगी शेजारी बसली होती. तिने विचारलं, पदक मिळालं तेव्हा किती वर्षांचे होते? म्हटलं सव्वीस. आणि वारले तेव्हा? अठ्ठावन्न. मग ती म्हणाली, “मधे काय केलं?”

मी म्हटलं, पोलिसात होते. पुढे मला काही सांगता येईना. कराडात वाढलो, गोळेश्वर सायकलवरच्या अंतरावर, तरी माझ्या डोक्यातले खाशाबा १९५२ सालीच थांबलेले. म्हणून हा धागा. मला ठाऊक आहे ते मांडतो, भर तुम्ही घाला.

जन्म १९२६, गोळेश्वर. पाच भावांत धाकटे. वडील दादासाहेब स्वतः पैलवान, म्हणजे पहिले वस्ताद घरातच. शाळा कराडची, टिळक हायस्कूल. बेचाळीसच्या चळवळीत भूमिगतांना आसरा देणं, पत्रकं पोचवणं ही कामं त्या वयात केली. मग कोल्हापूरला राजाराम कॉलेज. तिथली एक गोष्ट आमच्याकडे सांगतात. कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत क्रीडाशिक्षकांनी या बुटक्या पोराचं नावच घेतलं नाही. तो थेट प्राचार्यांकडे गेला. प्राचार्य खर्डेकरांनी खेळू दिलं आणि त्याने थोराड गडी पाडले. म्हणजे घर गहाण टाकायच्या कितीतरी आधी या माणसाने त्याच्यासाठी एक दार उघडलं होतं. फॉरवर्डमध्ये हे कधी येत नाही.

१९४८ ला लंडन ऑलिंपिक. खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. तांबड्या मातीतला गडी मॅटवर उतरला आणि फ्लायवेट गटात सहावा आला. अमेरिकेचे रीस गार्डनर यांनी तिथे त्याला मॅटची कुस्ती शिकवली.

चार वर्षांनी पैसे का मागत फिरावं लागलं, हे मला लहानपणी कळायचं नाही. एकदा राजाने दिले, तर दुसऱ्यांदा का नाही? उत्तर सरळ आहे, पण आम्हाला कुणी जोडून दाखवलं नव्हतं. मार्च १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. राजाश्रय संपला आणि त्या जागी सरकारी खेळखातं म्हणावं असं काही उभं राहिलेलं नव्हतं. त्या फटीत हा माणूस सापडला. गावाने वर्गणी काढली, घरचे दारोदार फिरले, आणि खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. १९५२ चे सात हजार!

त्याआधी निवडीचा घोळ होताच. मद्रासच्या स्पर्धेत एका गुणाने हरले. दाद मागितली पतियाळाच्या महाराजांकडे, त्यांनी पुन्हा कुस्ती लावली, आणि त्याच प्रतिस्पर्ध्याला त्यांनी चीत केलं.

हेलसिंकीला बँटमवेट, ५७ किलो. २३ जुलै १९५२, कांस्य. परतल्यावर कराड स्टेशनापासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून जास्त बैलगाड्या, हलगी, लेझीम. माझे आजोबा त्या गर्दीत होते. त्यांना खाशाबा दिसलेच नाहीत, बैलांची शिंगं तेवढी दिसली, असं ते सांगायचे.

आणि मग? मग त्या माणसाने कुस्त्यांची मैदानं भरवली, आलेल्या पैशातून खर्डेकरांचं घर सोडवलं. माझ्या मते त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी कुस्ती ही. १९५५ ला फौजदार म्हणून पोलिसात. मेलबर्न ऑलिंपिकची तयारी चालू असताना गुडघा गेला. सुमारे सत्तावीस वर्षं नोकरी, सहायक पोलीस आयुक्त होऊन निवृत्ती, पेन्शनसाठी झगडा, आणि १४ ऑगस्ट १९८४ ला रस्त्यावरचा अपघात.

पदकाला मी अर्धं पान दिलं आणि बत्तीस वर्षांना चार ओळी. हेच तर दुखणं आहे.

एक विनंती. ‘आपल्याकडे खेळाडूंना किंमतच नाही’ एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या. ते सगळ्यांचं पाठ आहे.

---

तांबडी_माती

चांगला धागा. मी कोल्हापुरात तालमीत सहा वर्षं राहिलो. नाव काही झालं नाही, कान मात्र मोडून आला. दोन गोष्टी सांगतो.

एक, वजन. आमच्याकडे मैदानात लोक येतात ते शेवटच्या जोडीसाठी. नंबर एकची कुस्ती म्हणजे दोन आडदांड गडी. सत्तावन्न किलोचा पैलवान कितीही चपळ असला तरी त्याची कुस्ती दुपारी लागते, लोक अजून शेंगा घेत असतात तेव्हा. खाशाबांचं माप ऑलिंपिकच्या वजनकाट्यावर कळलं, ते मैदानातल्या गर्दीला कळणं अवघड होतं. १९५९ ला हिंदकेसरी किताब श्रीपती खंचनाळेंनी मारला, त्यानंतर आमच्या भागात पोरांच्या खोलीत फोटो लागले ते हिंदकेसरींचे. त्यात कुणाचा दोष नाही. पण उपेक्षा सगळी दिल्लीनेच केली असं म्हणताना आपल्या तालमीतल्या भिंतीही आठवाव्यात.

दोन, मॅट. मातीत कुस्ती निकाली. पाठ लागली की संपली. तोवर खडाखडी चालू दे तासभर. मॅटवर घड्याळ आहे, गुण आहेत, पाठ जरा कलली तरी मोजतात. आणि पाय. ताक, तेल, हळद घातलेल्या मऊ मातीत अनवाणी पाय थोडा सरकतो, तो सरकणं म्हणजे गुडघ्याचा विमा. मॅटवर बूट जागीच रुतून बसतो आणि वरचं शरीर फिरतं. माझा डावा गुडघा असाच गेला. त्यांचा कसा गेला मला माहीत नाही, पण मेलबर्न हुकलं हे वाचलं की माझा गुडघा आपोआप दुखतो.

---

शंकासूर

उत्तम लेखन, पण रीतीप्रमाणे खुसपट काढतो.

‘पहिलं वैयक्तिक पदक’ लिहिताना ‘स्वतंत्र भारताचं’ हे शब्द हवेत. १९०० साली पॅरिसला नॉर्मन प्रिचर्डने धावण्यात दोन रौप्यं मिळवली आणि ती भारताच्या नावावर नोंदली आहेत. तो भारतीय मानायचा की इंग्रज, यावर वेगळा धागा काढा, मी येतो.

---

कृष्णाकाठचा (धागाकर्ता)

शंकासूर, मान्य. दुरुस्ती मनावर घेतली, धाग्यावर घेता येत नाही कारण संपादनाची वेळ गेली.

तांबडी_माती, ‘दुपारची कुस्ती’ हे डोक्यातच आलं नव्हतं. आभार.

---

आकडेमोड

तारखा लावून बघण्याची मला खोड आहे.

२३ जुलै १९५२ ला खाशाबांचं कांस्य. दुसऱ्याच दिवशी, २४ ला, हॉकीचं सुवर्ण. म्हणजे या माणसाला देशाच्या वर्तमानपत्रात मिळून एक दिवस मिळाला.

आता दुसरी तारीख. १४ ऑगस्ट १९८४. लॉस एंजेलिसचं ऑलिंपिक १२ ऑगस्टला संपलं. त्यात ८ तारखेला पी. टी. उषाचं कांस्य सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं. अख्खा देश हळहळत होता, आणि ज्याचं हुकलं नव्हतं तो एकटा माणूस त्याच आठवड्यात गेला. त्या दिवशीही स्वतंत्र भारताचं वैयक्तिक पदक एकच होतं. दुसरं यायला अजून बारा वर्षं होती, १९९६ ला अटलांटात पेसचं टेनिसमधलं.

---

गवती_चहा

अंगावर काटा आला. वाचतेय.

---

निवृत्त_खाकी

मी पोलीस दलात तेहतीस वर्षं काढली. खाशाबा साहेबांना प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, त्यामुळे त्यांच्याबद्दल नाही, पण खेळाडू पोलिसाबद्दल लिहू शकतो. ‘मधे काय केलं’ हा मुलीचा प्रश्न भारी आहे.

खेळाडू म्हणून भरती झालेल्या माणसाचे दिवस दोन प्रकारचे असतात. अंगात खेळ आहे तोवर सरावाला सवलत, खुराकाला थोडे पैसे, आणि दलाच्या स्पर्धा जवळ आल्या की साहेब नावाने हाक मारतात. एकदा गुडघा गेला किंवा वय झालं, की दुसऱ्या दिवसापासून तो तुमच्या-आमच्यासारखा. गणपतीचा बंदोबस्त, मोर्चा, रात्रपाळी, पंचनामा. त्यात वाईट काही नाही, नोकरीच ती. पण आपण काल कोण होतो हे शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही माहीत नसतं, ही गंमत सोसायला मोठं मन लागतं. माझ्याबरोबर एक जण होता, कॉलेजात विद्यापीठाकडून कबड्डी खेळलेला. आम्हाला कळलं कधी? पळून जाणाऱ्या आरोपीचा घोटा त्याने असा धरला की बघत राहावं. वीस वर्षांनी!

खाशाबा साहेब फौजदार म्हणून लागले आणि सहायक आयुक्त होऊन बाहेर पडले. बाहेरच्यांना हे सरळ वाटतं. मधल्या पायऱ्यांवर किती वर्षं जातात ते आत असणाऱ्याला विचारा. शिवाय दलाच्या स्पर्धा जिंकल्या, दलातल्या पोरांना शिकवलं. ते काही वाया गेलेलं आयुष्य नव्हे. पेन्शनसाठी झगडावं लागलं हे मात्र वाचवत नाही. कागदपत्रांपुढे ऑलिंपिक चालत नाही, एवढंच म्हणतो.

---

खोखोवाल्याची_लेक

निवृत्त_खाकी काका, तुमचा प्रतिसाद वाचून लिहायला बसले. थोडं अवांतर आहे, धागाकर्त्याने सांभाळून घ्यावं.

माझे बाबा कॉलेजात खो-खो खेळायचे. विद्यापीठाच्या संघात दोन वर्षं होते. आम्हाला ते कारकून म्हणूनच माहीत. सकाळी डबा, संध्याकाळी भाजी, रविवारी सायकली पुसणं. आम्ही दोघी बहिणी, आणि आमच्या शाळेच्या प्रत्येक पालकसभेला हजर असणारा माणूस. खेळाबद्दल स्वतःहून एक अक्षर बोलायचे नाहीत. प्रमाणपत्रं आईच्या ट्रंकेत, शालूच्या खाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत.

मला त्यांचं खेळणं दिसलं ते एकदाच. मी पाचवीत, दिवाळीच्या सुट्टीत वाड्यात पोरं पकडापकडी खेळत होतो. बाबा ऑफिसातून आले, पिशवी ओट्यावर ठेवली, आणि ‘मला धरा’ म्हणाले. आठ पोरं होतो आम्ही. पंधरा-वीस मिनिटं कुणालाही सापडले नाहीत. चप्पल काढून, ऑफिसच्या पँटमध्ये. पळत नव्हते फारसे. नुसती हुलकावणी, खांदा इकडे आणि माणूस तिकडे. मग आईने खिडकीतून हाक मारली, “अहो, गुडघा!” आणि ते थांबले, पिशवी उचलून आत गेले. आईला त्या गुडघ्याचा सगळा इतिहास माहीत होता. आम्हाला नव्हता.

बाबा गेल्यावर त्यांच्या संघातले चार जण भेटायला आले होते. सगळे सत्तरीचे. एक जण म्हणाले, तो शेवटच्या मिनिटाला आत जायचा, आम्ही त्याला राखून ठेवायचो. मी विचारलं, मग पुढे का नाही खेळले? ते म्हणाले, नोकरी लागली ना. किती सहज म्हणाले. त्यात दुःख नव्हतं. मी मात्र घरी येऊन रडले, आणि नक्की कशासाठी ते मला अजून कळलेलं नाही.

बाबा आणि खाशाबा यांची तुलना नाही, हे कळतं. पण सव्वीसनंतर माणूस काय करतो, या प्रश्नाचं उत्तर माझ्यासाठी पालकसभा हे आहे.

---

कृष्णाकाठचा (धागाकर्ता)

हे अवांतर नाही. धागा याच्यासाठीच आहे.

---

तांबडी_माती

“अहो, गुडघा!” :) प्रत्येक जुन्या गड्याच्या घरी ही हाक असते.

---

चष्मिष्ट

हेलसिंकीच्या कुस्तीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. त्या दिवशी काय झालं ते कळल्याशिवाय कांस्य का, हे कळत नाही.

तेव्हा आजच्यासारखी सरळ बाद फेरी नव्हती. हरलात किंवा नुसत्या गुणांवर जिंकलात तरी नावावर दोषगुण चढायचे, आणि ते ठरावीक मर्यादेला पोचले की तुम्ही बाहेर. म्हणून एक हार म्हणजे शेवट नव्हे. खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे मल्ल काढले. मग समोर आला जपानचा शोहाची इशी. जपान युद्धानंतर पहिल्यांदाच उन्हाळी ऑलिंपिकमध्ये आला होता, लंडनला त्यांना बोलावलंच नव्हतं. ही कुस्ती पंधरा मिनिटांच्या घरात गेली आणि खाशाबा थोडक्यात हरले. इशी पुढे सुवर्ण घेऊन गेला.

इथवर ठीक. पुढचं ऐका. मॅटवरून उतरतात तोच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेयोवविरुद्ध बोलावलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती नियमाने मिळायला हवी होती. पण तो नियम पंचांपुढे मांडायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. खाशाबा उभे राहिले, दमलेल्या अंगाने लढले, हरले. मामेदबेयोवला रौप्य, यांना कांस्य.

सात हजार रुपये उभे करायला अख्खं गाव आणि एक प्राचार्य लागले. तीस मिनिटं मागायला एक माणूस पुरला असता.

कोल्हापूरचेच माणगावेही त्या ऑलिंपिकमध्ये दुसऱ्या वजनगटात होते, त्यांचं पदक थोडक्यात गेलं. त्यांचा फोटो तर कुणी फॉरवर्डही करत नाही.

---

सरळमार्गी

थोडा वेगळा सूर लावतो. उपेक्षा, उपेक्षा म्हणताना एक हिशेब मांडू. अर्जुन पुरस्कार १९६१ ला सुरू झाले. खाशाबा त्यानंतर तेवीस वर्षं होते. तेवीस वर्षांत एकदाही कुणाला आठवलं नाही? शेवटी २००० सालचा अर्जुन दिला, मरणोत्तर. राज्याचा छत्रपती पुरस्कारही नव्वदच्या दशकात, तोही मरणोत्तरच. पद्म तर नाहीच. पुढच्या बऱ्याच वैयक्तिक पदकविजेत्यांना ते मिळालं. धागाकर्ते म्हणतात हे लिहू नका, पण हे लिहिलं नाही तर काय लिहायचं?

---

शंकासूर

सरळमार्गी, तपशील बरोबर, निष्कर्ष अर्धा. अर्जुन सुरुवातीला त्या-त्या काळातल्या कामगिरीसाठी होता. १९६१ ला कुस्तीतला पहिला अर्जुन उदय चंदला मिळाला, त्याच वर्षी त्याने जागतिक स्पर्धेत पदक मिळवलं होतं. नऊ वर्षांपूर्वीच्या पदकासाठी त्या चौकटीत जागाच नव्हती. चौकट वाढवता आली असती का? आली असती. पण ‘कुणीतरी दुष्टपणे डावललं’ आणि ‘कुणाच्या यादीतच बसत नव्हते’ यात फरक आहे. मला दुसरं जास्त भयानक वाटतं.

---

सरळमार्गी

हो, ते खरं. १९८२ च्या दिल्ली एशियाडला मशाल घेऊन धावणाऱ्यांत त्यांना घेतलं होतं, म्हणजे कुणाला तरी नाव आठवलं होतं. ‘धावा’ एवढंच आठवलं.

---

निवृत्त_खाकी

छप्पन वर्षांचा माणूस, गुडघा गेलेला, मशाल घेऊन. मला तर ते चित्र आवडलं. तुम्ही त्याला किरकोळ म्हणता, त्यांना तसं वाटलं असेलच असं नाही.

---

गल्लीतला_गावस्कर

२०१७ ला घरच्यांनी पदक लिलावात काढायचं म्हटलं होतं ना? खरं सांगायचं तर मला ते पटलं नव्हतं. पदक देशाचं असतं.

---

कृष्णाकाठचा (धागाकर्ता)

पदक देशाचं, मग सात हजार कुणाचे होते? :)

गंमत बाजूला. लिलाव घरखर्चासाठी नव्हता. गोळेश्वरला कुस्ती अकादमी होणार असं आश्वासन मिळून वर्षं लोटली होती आणि काम उभं राहत नव्हतं. तेव्हा घरच्यांनी सांगितलं की पदक विकून आम्ही अकादमी बांधतो. आमच्या गावाकडे बऱ्याच जणांना ती धमकी वाटली. मला ती त्या घराची रीतच वाटली. पहिल्यांदा एका माणसाने घर गहाण टाकून पदक आणवलं, आता पदक मोडून पोरांसाठी तालीम उभी करायची. हिशेब उलटा, पण त्याच वहीतला.

त्यांच्या गोळेश्वरच्या घराचं नाव ‘ऑलिंपिक निवास’ आहे. लहानपणी आम्हाला ते नाव फार गर्वाचं वाटायचं. आता वाटतं, ज्याच्याकडे सांगायला ही एकच गोष्ट होती आणि विचारणारं कुणी नव्हतं, त्याने ती दारावर लिहिली.

---

खोखोवाल्याची_लेक

की घरच्यांनी लिहिली असेल? आमच्याकडे ट्रंक आईनेच जपली.

---

कृष्णाकाठचा (धागाकर्ता)

अरे हो. हे माझ्या डोक्यातच आलं नाही. कुणाच्या हातची पाटी आहे, विचारायला हवं.

---

राधानगरीकर

१ ऑगस्ट २०२४ ला स्वप्निल कुसाळेने पॅरिसला नेमबाजीत कांस्य घेतलं तेव्हा आमच्या तालुक्यात फटाके. बातम्यांत दर पाच मिनिटांनी ‘बहात्तर वर्षांनी’, ‘खाशाबांनंतर महाराष्ट्राचं पहिलं वैयक्तिक पदक’. माझ्या पुतण्याने खाशाबा हे नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. कुणाच्या तरी पदकामुळे का होईना.

आणि स्वप्निल तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस. पदकानंतर लगेच बढतीची घोषणा झाली. खाशाबांना नोकरी लागायलाच पदकानंतर तीन वर्षं गेली. काळ बदललाय, एवढं तरी म्हणू या का?

---

आकडेमोड

म्हणू या. फक्त बहात्तर वर्षं हा आकडा अभिमानाने का सांगतात ते मला कळत नाही.

---

गवती_चहा

मला एक अगदी बाळबोध प्रश्न आहे. सगळीकडे लिहिलेलं असतं की खाशाबांचा हुकमी डाव ‘ढाक’ होता. ढाक म्हणजे नेमकं काय करतात? मला कुस्तीतलं ‘धोबीपछाड’ सोडून काही माहीत नाही, तेही राजकारणाच्या बातम्यांमुळे.

---

तांबडी_माती

आता माझ्या आवडीचा प्रश्न आला. आमच्या तालमीत शिकवायचे तसा सांगतो, वस्तादागणिक थोडा फरक पडतो.

समोरच्याच्या मानेभोवती एक हात टाकायचा आणि त्याचं डोकं काखेशी गच्च धरायचं. दुसऱ्या हाताने त्याचा दंड ओढून आपल्या छातीशी बांधायचा. इथवर कुणीही करतं. खरी मेख पुढे: आपण त्याच्याकडे पाठ करत आत शिरायचं, कंबर त्याच्या कमरेच्या खाली घालायची. खाली, हे महत्त्वाचं. मग गुडघे सरळ करत वळायचं. तो आपल्या कमरेवरून येतो आणि पाठीवर पडतो. मान आपल्या हातात असतेच, सोडायची नाही, तशीच दाबून धरायची.

आता लक्षात घ्या, यात बुटक्या माणसाला फायदा. उंच गड्याला कमरेखाली शिरायला वाकावं लागतं, बुटका जन्मापासून तिथेच उभा असतो. कॉलेजात ज्या उंचीमुळे नाव घेतलं नाही, तीच उंची या डावात कामाला आली असणार. हा माझा तर्क आहे, पण सहा वर्षं माती खाल्लेल्या माणसाचा तर्क आहे.

वळताना दमलेलं अंग अर्धा क्षण उशिरा वळतं. तेवढ्यात समोरचा मागून धरतो आणि डाव आपल्यावरच उलटतो. चष्मिष्टने त्या दुसऱ्या कुस्तीबद्दल लिहिलं तेव्हा मला हेच दिसलं.

---

गवती_चहा

काय सुरेख समजावलंत! आता जुने फोटो पुन्हा बघते.

---

कृष्णाकाठचा (धागाकर्ता)

तांबडी_माती, तुमचा प्रतिसाद मुलीला वाचून दाखवला. तिने दोनदा वाचायला लावला, ‘कंबर खाली’ वगैरे. मग म्हणाली उभे राहा. मी उभा राहिलो. ती माझ्या खांद्यालाही लागत नाही, त्यामुळे हसत होतो.

पलंगावर पडलो म्हणून बरं. फळी मोडली आहे. बायको म्हणते, सुतार येईपर्यंत खाली झोपा दोघंही.